प्री-एक्लॅम्पसियाचे संततीच्या चयापचयावरील दीर्घकालीन परिणाम

प्री-एक्लॅम्पसिया हा गरोदरपणाच्या २० व्या आठवड्यानंतर उद्भवणारा, रक्तदाबवाढीशी निगडित विकार आहे. आईच्या दृष्टीने त्याचा तीव्र टप्पा बहुधा प्रसूतीनंतर काही दिवसांत ओसरतो. मात्र अशा गरोदरपणातून जन्मलेल्या संततीत पुढे उच्च रक्तदाब, इन्सुलिन प्रतिरोध, चरबीचे वाढते प्रमाण आणि मधुमेहाकडे झुकणारा चयापचय आढळू शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. उंदीर व घुशीच्या जातीचे प्रयोगशालेय प्राणी यांवरील अभ्यासांत हे परिणाम जन्मतः क्वचितच दिसतात. ते वयात येताना, मध्यमवयात किंवा आहार बदलल्यावर प्रकट होतात आणि नर व मादी संततीत वेगवेगळ्या रीतीने आढळतात.

या विषयातील काही महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात झाले आहे. बीडसारख्या जिल्ह्यात अनेक कुटुंबे ऐन गरोदरपणाच्या काळात ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. तेथे आईच्या रक्तदाबाची नोंद होणे आणि ती बाळाच्या आरोग्याशी जोडली जाणे यांना या संशोधनामुळे वेगळे महत्त्व येते.

विकाराचे स्वरूप

आधी सामान्य रक्तदाब असलेल्या गरोदर स्त्रीचा रक्तदाब २० व्या आठवड्यानंतर १४०/९० मिलिमीटर पारा किंवा त्याहून अधिक झाला आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, अथवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू किंवा रक्तातील बिंबिकांवर परिणाम दिसला, तर प्री-एक्लॅम्पसियाचे निदान केले जाते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे आणि चेहरा व हातांवर अचानक सूज येणे ही धोक्याची लक्षणे मानली जातात. विकार बळावून झटके येऊ लागले, तर त्या अवस्थेस एक्लॅम्पसिया म्हणतात. जगभरातील सुमारे २ ते ८ टक्के गरोदरपणांत हा विकार आढळतो.

विकाराचे मूळ वारेत असते. गरोदरपणाच्या पहिल्या सहामाहीत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात व तेथील सर्पिल धमन्या रुंद करतात, त्यामुळे गर्भाला भरपूर रक्त मिळते. प्री-एक्लॅम्पसियात हे रूपांतर अपुरे राहते. धमन्या अरुंद राहिल्याने वारेला रक्त व प्राणवायू कमी पडतो. अशी वार आईच्या रक्तात काही प्रथिने अधिक प्रमाणात सोडते. त्यांपैकी एसएफएलटी-१ हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या वाढघटकांना बांधून निष्प्रभ करते. परिणामी आईच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागतात. अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ मध्ये गाभण उंदरांच्या शरीरात एसएफएलटी-१ चे प्रमाण वाढवून उच्च रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि मूत्रपिंडातील वैशिष्ट्यपूर्ण बदल घडवून आणले. त्यामुळे या प्रथिनाची भूमिका स्पष्ट झाली.

गर्भावर याचा परिणाम दोन मार्गांनी होतो. पोषण व प्राणवायू कमी मिळाल्याने त्याची वाढ खुंटते आणि आईचा जीव वाचवण्यासाठी अनेकदा प्रसूती मुदतीपूर्वी करावी लागते. कमी वजन व अपुरे दिवस या दोन्ही गोष्टी पुढील चयापचयावर स्वतंत्रपणे प्रभाव टाकतात.

प्राणी प्रतिमानांची गरज

माणसांमधील अभ्यासांतून प्री-एक्लॅम्पसिया आणि संततीचे आरोग्य यांतील संबंध आधीच सूचित झाला होता. ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ४५ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या मातांच्या मुलांचा वरचा रक्तदाब बालपणी व तरुणपणी सरासरी २.३९ मिलिमीटर पाऱ्याने आणि शरीर वस्तुमान निर्देशांक ०.६२ ने अधिक असल्याचे त्यात आढळले. एका व्यक्तीच्या बाबतीत हा फरक किरकोळ वाटतो. संपूर्ण लोकसंख्येचा विचार करता मात्र तो हृदयविकार व पक्षाघाताच्या प्रमाणावर परिणाम करण्याइतका असतो.

या संबंधाचे कारण माणसांवरील निरीक्षणांतून वेगळे काढणे अवघड असते. प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या मातांमध्ये लठ्ठपणा, मधुमेह व रक्तदाबाची आनुवंशिक प्रवृत्ती अधिक असते. ती प्रवृत्ती, घरचा आहार आणि राहणीमान हे सारे मुलांना आईकडूनच मिळते. एकाच आईच्या भावंडांची तुलना करणारे अभ्यासही परस्परविरोधी उत्तरे देतात. बोलिव्हियातील उंच प्रदेशात केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्री-एक्लॅम्पसियातून जन्मलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्यांचे कार्य बिघडलेले आढळले, तर सामान्य गरोदरपणातून जन्मलेल्या त्यांच्या भावंडांत तसा दोष नव्हता. याउलट नॉर्वेतील एका मोठ्या पाहणीत दोन्ही प्रकारच्या भावंडांचा रक्तदाब व वजन जवळपास सारखेच आढळले. पहिला निष्कर्ष गर्भाशयातील परिस्थितीकडे, तर दुसरा आनुवंशिकता व कुटुंबाच्या राहणीकडे बोट दाखवतो.

प्राणी प्रतिमानांचे महत्त्व येथे आहे. प्रयोगशाळेत आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ सारख्या असलेल्या निरोगी माद्यांपैकी काहींमध्येच विकारसदृश स्थिती निर्माण करता येते. पिल्लांना एकसारखे अन्न देता येते आणि दुसऱ्या मादीचे दूध पाजून गर्भाशयाचा व स्तनपानाचा परिणाम वेगळा करता येतो. प्रयोगशालेय उंदराचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असल्याने जन्मापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास दोन-अडीच वर्षांत पाहता येतो.

प्रमुख प्राणी प्रतिमाने

उंदीरवर्गीय प्राण्यांना प्री-एक्लॅम्पसिया सहसा आपोआप होत नाही. त्यामुळे विकाराचा एखादा दुवा कृत्रिमरीत्या घडवून आणला जातो. प्रत्येक प्रतिमान विकाराची एकेक बाजू दाखवते.

गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी करण्याच्या प्रतिमानात गाभणपणाच्या १४ व्या दिवशी उंदराच्या महाधमनीवर व अंडाशयाच्या धमन्यांवर सूक्ष्म चांदीच्या चिमट्या बसवल्या जातात. वारेला रक्त कमी पडते, मादीचा रक्तदाब वाढतो व पिल्ले कमी वजनाची जन्मतात. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात या प्रतिमानावर विस्तृत काम झाले आहे.

गर्भाशयाच्या धमन्या बांधण्याचे प्रतिमान याहून जुने आहे. त्यात गाभणपणाच्या अखेरच्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या धमन्या बांधल्या जातात. त्यातून मुख्यतः वारेच्या अपुरेपणाचा परिणाम अभ्यासता येतो. आईच्या उच्च रक्तदाबाचा अभ्यास हा त्याचा हेतू नसतो.

एसएफएलटी-१ प्रतिमानात विषाणूवाहकाच्या किंवा जनुकीय बदलाच्या साहाय्याने गाभण उंदरांत या प्रथिनाचे प्रमाण वाढवले जाते. एल-नेम प्रतिमानात नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखणारे रसायन दिले जाते. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या शिथिल ठेवते, म्हणून ते कमी झाल्यावर रक्तदाब वाढतो. यांशिवाय बीपीएच/५ ही उंदरांची जात गाभणपणी आपोआपच प्री-एक्लॅम्पसियासारखी लक्षणे दाखवते. बबून या माकडांमध्येही वारेचा रक्तपुरवठा कमी करून विकारसदृश स्थिती निर्माण करण्यात आली आहे. या प्राण्यांची वार मानवी वारेच्या अधिक जवळची असते.

संततीतील परिणाम

रक्तदाब

रक्तपुरवठा कमी केलेल्या मादीच्या पिल्लांमध्ये लहान वयातच रक्तदाब वाढलेला आढळतो. वयात आल्यावर नर संततीत तो तसाच टिकतो. माद्यांमध्ये मात्र तो सामान्य होतो. नरांचे वृषण काढल्यास त्यांचा वाढलेला रक्तदाब उतरतो, तर माद्यांचे अंडाशय काढल्यास त्यांचा दबलेला दोष उघड होतो. याचा अर्थ गर्भात घडलेला बदल दोघांतही असतो, लैंगिक संप्रेरके त्याला झाकतात किंवा उघड करतात. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या चेता तोडल्यास या संततीचा रक्तदाब सामान्य होतो, हे २००५ मध्ये दाखवण्यात आले. त्यामुळे या रक्तदाबवाढीत मूत्रपिंड व अनुकंपी चेतासंस्था यांचा वाटा असल्याचे स्पष्ट झाले. एसएफएलटी-१ प्रतिमानातही उंदरांच्या नर संततीचा रक्तदाब पुढील आयुष्यात अधिक आढळला.

माद्यांचे संरक्षण कायमचे नसते. बारा महिन्यांच्या, म्हणजे उंदरांच्या हिशेबाने मध्यमवयीन, माद्यांमध्ये रक्तदाब पुन्हा चढतो आणि सोबत शरीरातील चरबीही वाढते.

ग्लुकोज व इन्सुलिन

याच माद्यांच्या ग्लुकोज सहनशीलता चाचण्यांतून एक क्रम लक्षात आला. सहा महिन्यांच्या वयात त्यांच्या शरीराला साखर हाताळणे कठीण जाऊ लागले होते. चरबी वाढल्याचे मात्र त्यानंतर, बारा महिन्यांच्या सुमारास दिसले. लठ्ठपणा आधी व मधुमेहाची प्रवृत्ती नंतर, हा नेहमीचा समज येथे उलटा ठरतो. सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीतही चयापचयाचा दोष आधीपासून असू शकतो, असे यातून सूचित होते.

धमन्या बांधण्याच्या प्रतिमानात रेबेका सिमन्स व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मधुमेहापर्यंतचा संपूर्ण प्रवास नोंदवला. पिल्ले कमी वजनाची जन्मली, पुढे त्यांनी तुलनागटाला वजनात गाठले व मागे टाकले. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींचे प्रमाण पहिल्या व सातव्या आठवड्यात नेहमीसारखेच होते. पंधराव्या आठवड्यात ते तुलनागटाच्या निम्म्यावर आले आणि सव्विसाव्या आठवड्यात एक तृतीयांशाहूनही कमी झाले. तोपर्यंत या प्राण्यांना मधुमेह झाला होता. लहानपणीच्या तपासणीत स्वादुपिंड निरोगी दिसत असतानाही त्याची पुढील घसरण ठरून गेलेली होती.

चरबी व यकृत

प्री-एक्लॅम्पसियासदृश गरोदरपणातून जन्मलेल्या उंदरांच्या यकृतात मेदाम्लांच्या चयापचयाशी निगडित जनुकांचे कार्य बदललेले आढळते. एसएफएलटी-१ प्रतिमानावरील एका अभ्यासात हा बदल वयस्क मादी संततीत नोंदवला गेला. स्निग्धयुक्त आहार दिल्यावर अशा संततीतील फरक अनेकदा अधिक ठळक होतात. संशोधक याला ‘दुसरा आघात’ म्हणतात. पहिला आघात गर्भाशयात होतो, तो शरीराला असुरक्षित करून ठेवतो. आहार, वय किंवा संप्रेरकांतील बदल हा दुसरा आघात ठरतो.

कार्ययंत्रणा

गर्भाशयातील काही आठवड्यांच्या टंचाईचा परिणाम आयुष्यभर कसा टिकतो, याची स्पष्टीकरणे चार पातळ्यांवर दिली जातात.

पहिली पातळी अवयवांच्या रचनेची आहे. पोषण कमी असताना गर्भाचे शरीर मेंदूला प्राधान्य देते व मूत्रपिंड, स्वादुपिंड आणि यकृत यांच्या वाट्याला कमी येते. मूत्रपिंडातील नेफ्रॉनची संख्या कमी राहिली तर ती पुढे वाढत नाही. उरलेल्या नेफ्रॉनवर अधिक भार पडतो व रक्तदाब वाढतो.

दुसरी पातळी अधिजनुकीय बदलांची आहे. या बदलांत जनुकाचा क्रम तसाच राहतो, मात्र त्यावरील रासायनिक खुणा बदलल्याने त्याचे कार्य मंदावते किंवा वाढते. बीटा पेशींच्या वाढीसाठी आवश्यक असलेले पीडीएक्स-१ हे जनुक वाढ खुंटलेल्या उंदरांत टप्प्याटप्प्याने बंद पडत जाते, असे २००८ मध्ये दाखवण्यात आले. गर्भावस्थेत केवळ हिस्टोन प्रथिनांवरील खुणा बदललेल्या होत्या आणि हा टप्पा परतवता येण्याजोगा होता. प्रौढपणी डीएनएवर मिथाइल गट जडले आणि जनुक कायमचे मूक झाले. उपचाराला वेळेची मर्यादा का असते, याचे हे रेण्वीय पातळीवरील उदाहरण आहे.

तिसरी पातळी पेशींतील ऊर्जेची आहे. प्राणवायूच्या कमतरतेमुळे ऑक्सिडीकारक ताण वाढतो व तंतुकणिकांचे कार्य बिघडते. बीटा पेशींची ताण सोसण्याची क्षमता मुळातच कमी असल्याने त्यांना याची झळ अधिक बसते. चौथी पातळी तणाव-संप्रेरकांची आहे. आईच्या कॉर्टिसॉलपासून गर्भाचे रक्षण करणारे वारेतील विकर दुबळे झाले, तर गर्भाला ते संप्रेरक अधिक मिळते आणि त्याच्या चयापचयाची घडण बदलू शकते.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्यातील भारती विद्यापीठाच्या इंटरॲक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्स या संस्थेत साधना जोशी व सहकाऱ्यांनी प्री-एक्लॅम्पसियाचा पोषणाच्या अंगाने अभ्यास केला. या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांच्या वारेत डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लाचे प्रमाण कमी आढळले आणि त्याचा संबंध वाढलेल्या एसएफएलटी-१ शी दिसून आला. फोलेट, ब-१२ जीवनसत्त्व व ओमेगा-३ मेदाम्ले यांचे चयापचय परस्परांशी जोडलेले असते. यांपैकी एकाची कमतरता दुसऱ्याच्या कार्यात अडथळा आणते, अशी या गटाची मांडणी आहे. ती तपासण्यासाठी त्यांनी विस्टार जातीच्या उंदरांत एल-नेम देऊन गाभणपणीचा उच्च रक्तदाब निर्माण केला. ओमेगा-३ मेदाम्ले, फोलिक आम्ल व ब-१२ एकत्रितपणे दिल्यास ऑक्सिडीकारक ताणाचे निर्देशक कमी होतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत म्हटले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेला माता-पोषण अभ्यास हा या विषयाचा दुसरा आधार आहे. तो थेट प्री-एक्लॅम्पसियाविषयी नाही. गर्भावस्थेतील पोषण व पुढील मधुमेह यांचा संबंध मात्र त्याने भारतीय संदर्भात उलगडला. या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. वजन, स्नायू व पोटातील अवयव लहान असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा बालकाचे वर्णन ‘बारीक पण मेदयुक्त’ असे केले जाते. गरोदरपणी ब-१२ कमी व फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक आढळला.

हीच शृंखला प्राण्यांत तपासणारा एक दीर्घ प्रयोग २०१५ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आनंदवर्धन हर्डीकर व पुण्यातील संशोधकांनी त्यात ५० पिढ्या अर्धपोषित ठेवलेल्या विस्टार उंदरांचा अभ्यास केला. हे प्राणी कमी वजनाचे जन्मत, त्यांच्या पोटातील चरबी व इन्सुलिन प्रतिरोध अधिक होता आणि ब-१२ चे प्रमाण कमी होते. त्यांना पुढील दोन पिढ्या भरपूर अन्न दिल्यानंतरही चयापचयातील दोष पूर्ववत झाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या टंचाई सोसलेल्या लोकसमूहाचा आहार अचानक बदलल्यास मधुमेह का वाढतो, याचे एक संभाव्य उत्तर त्यातून मिळते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतही गाभण उंदरांना जीवनसत्त्वे कमी दिल्यास संततीच्या शरीरातील चरबी वाढते, असे आढळले. त्या प्रयोगात सहा महिन्यांच्या वयापर्यंत इन्सुलिन प्रतिरोध मात्र दिसला नाही. गर्भातील प्रत्येक कमतरतेचा परिणाम सारखाच नसतो, हे अशा निष्कर्षांवरून लक्षात येते.

परिणाम टाळण्याचे वा सौम्य करण्याचे प्रयोग

गर्भात घडलेला बदल अटळ नसतो, असे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. धमन्या बांधलेल्या मादीच्या नवजात पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत एक्सेंडिन-४ हे संप्रेरकसदृश द्रव्य दिल्यास पुढचा मधुमेह टाळता आला, असे २००३ मध्ये दाखवण्यात आले. मोठेपणी सुरू केलेल्या उपचारापेक्षा या अल्पकालीन उपचाराचे वैशिष्ट्य वेगळे आहे. तो बीटा पेशींच्या घसरणीपूर्वी दिला गेला होता. हा प्रयोग कार्ययंत्रणा समजून घेण्यासाठी होता, मानवी नवजात बालकांसाठीचा तो उपचार नाही.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वाढ खुंटलेल्या पिल्लांना निरोगी मादीचे दूध मिळू दिले. त्यामुळे नर संततीतील ग्लुकोज सहनशीलता सुधारली. विकारग्रस्त मादीचे दूधही कमी असते, म्हणून पिल्लांची उपासमार जन्मानंतरही चालू राहते, हे यातून स्पष्ट झाले. त्याच देशातील दुसऱ्या प्रयोगात कोवळ्या वयात चार आठवडे व्यायाम करवलेल्या नर उंदरांत बीटा पेशींची तूट प्रौढपणी भरून निघालेली आढळली. एसएफएलटी-१ प्रतिमानात गाभण मादीला प्राव्हास्टॅटिन हे औषध दिल्यावर संततीची वाढ व ग्लुकोजविषयक प्रतिसाद काही प्रमाणात सुधारले.

माणसांमध्ये आईवर केलेल्या उपायाचा मुलांवरील परिणाम तपासल्याचे एक उदाहरण अर्जेंटिनात आहे. गरोदरपणी कॅल्शियमच्या गोळ्या घेतलेल्या मातांची मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांचा रक्तदाब मोजण्यात आला. तो तुलनागटापेक्षा कमी होता आणि हा लाभ प्रामुख्याने अधिक वजनाच्या मुलांत दिसला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष ‘दुसऱ्या आघाता’च्या कल्पनेशी जुळतो.

मर्यादा

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. उंदराच्या पोटी एका वेळी अनेक पिल्ले असतात. त्याच्या मूत्रपिंडाची व स्वादुपिंडाची बरीच घडण जन्मानंतर होते, तर मानवी गर्भात नेफ्रॉनची निर्मिती जन्मापूर्वीच, सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. म्हणून उंदराच्या पिल्लात जन्मानंतर उपयुक्त ठरलेल्या उपायाची वेळ माणसात गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत येऊ शकते. शस्त्रक्रियेच्या प्रतिमानांत शस्त्रक्रियेचा ताण, तर रसायनांच्या प्रतिमानांत त्या द्रव्याचा गर्भावरील थेट परिणाम मिसळलेला असतो. बहुतेक प्रतिमानांत विकार गाभणपणाच्या उत्तरार्धात लादला जातो, माणसात मात्र त्याची सुरुवात वार रुजतानाच होते. त्यामुळे निरनिराळ्या प्रतिमानांत एकच परिणाम पुन्हा पुन्हा आढळला, तरच तो भक्कम मानला जातो. लिंगानुसार बदलणारा रक्तदाब व उशिरा प्रकटणारा ग्लुकोजचा दोष हे अशा परिणामांपैकी आहेत.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात

मराठवाड्यातील बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीनंतर येथील लाखो कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. मुकादमाकडून उचल घेऊन पती-पत्नीची जोडी कामाला लागते, या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. दिवाळीच्या सुमारास गरोदर राहिलेल्या स्त्रीच्या बाबतीत प्री-एक्लॅम्पसिया उद्भवण्याचा काळ, म्हणजे पाचव्या महिन्यापासून पुढचा काळ, अंशतः फडात व कोपीतच जातो. घरच्या उपकेंद्रात झालेली नोंदणी, आशा कार्यकर्तीची ओळख आणि नियमित तपासणी यांची साखळी याच वेळी तुटण्याचा धोका असतो. जिल्ह्यात मुलींचे विवाह लवकर होण्याचे प्रमाणही लक्षणीय आहे. पहिले गरोदरपण आणि कोवळे वय ही प्री-एक्लॅम्पसियाची ज्ञात जोखीम-कारणे आहेत.

विकार लवकर ओळखण्यासाठी लागणारी साधने साधी आहेत: रक्तदाब मोजण्याचे यंत्र व लघवीतील प्रथिने तपासण्याची पट्टी. माता व बाल संरक्षण कार्डावर या दोन्ही नोंदींसाठी जागा असते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी केली जाते. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी बीड येथील जिल्हा रुग्णालय व अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही जिल्ह्यातील प्रमुख केंद्रे आहेत. कार्ड सोबत असल्यास कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्रालाही आधीचा रक्तदाब कळतो. चढता आलेख ओळखण्यासाठी एकट्या मोजमापापेक्षा आधीच्या मोजमापांशी तुलना अधिक उपयोगी ठरते.

प्रतिबंधाचे काही उपाय सिद्ध झाले आहेत. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या समूहांत गरोदरपणी कॅल्शियम देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार १४ व्या आठवड्यापासून रोज एकूण १ ग्रॅम कॅल्शियम दिले जाते. जोखीम अधिक असलेल्या स्त्रियांना डॉक्टरांच्या सल्ल्याने अल्प मात्रेत ॲस्पिरिन दिले जाते. नागपूर व बेळगाव या केंद्रांचा समावेश असलेल्या आणि २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत प्रथमच माता होणाऱ्या सुमारे १२ हजार स्त्रिया होत्या. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण ११.६ टक्के, तर न घेणाऱ्यांत १३.१ टक्के आढळले. तीव्र विकारात झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते. २००२ च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतील १० हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटल्याचे सिद्ध झाले.

हे सर्व उपाय प्रामुख्याने आईचा जीव वाचवण्यासाठी आखलेले आहेत. प्राणी प्रतिमानांतून पुढे आलेली माहिती त्यात बाळाच्या भवितव्याची भर घालते. विकारग्रस्त गरोदरपणातून जन्मलेले मूल पहिल्या काही वर्षांत पूर्णपणे निरोगी दिसू शकते. त्यामुळे केवळ वजन-उंची पाहणाऱ्या तपासणीत त्याची जोखीम लक्षात येत नाही. सातव्या महिन्यात आईच्या कार्डावर लिहिलेला रक्तदाबाचा आकडा हा त्या मुलाच्या वैद्यकीय इतिहासाचाही भाग ठरतो. ही नोंद कुटुंबाने जपून ठेवल्यास आणि अंगणवाडी, शाळा व बालरोगतज्ज्ञ यांच्यापर्यंत पोहोचवल्यास पुढील काळात मुलाचा रक्तदाब अधूनमधून मोजणे, सहा महिने निव्वळ स्तनपान, खेळ व व्यायाम, तसेच वजन अनावश्यक झपाट्याने वाढू न देणे यांकडे वेळीच लक्ष देता येते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून राबवला जात आहे.

प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रीला स्वतःलाही पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार व मधुमेहाचा धोका अधिक असतो. त्यामुळे प्रसूतीनंतरचा पाठपुरावा आई व मूल या दोघांसाठी एकत्रितपणे करणे हितावह ठरते.